मळ्यातल्या घरासाठी बंदुकीचं लायसन काढावं का? हा हक्क आहे की मेहेरबानी?

मळेकर_दादा
नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे, कोल्हापुरातनं पंचवीसेक किलोमीटर. चारी बाजूनं ऊस, आणि ऊस एकदा डोक्याच्या वर गेला की रस्त्यावरनं आमचं घर दिसत पण नाही. घरात मी, बायको, आई, आप्पा (वय ७६) आणि दोन पोरं, थोरली नववीला, धाकटा दुसरीला.

तीन आठवड्यामागं शेजारच्या मळ्यात, म्हणजे मधे एक ओढा आणि दोन एकर ऊस फक्त, रात्री दोनच्या सुमाराला चार-पाचजण शिरले. तिथं काका-काकू दोघंच असतात, पोरगा पुण्याला नोकरीला. काकूंच्या हातातल्या पाटल्या निघंनात म्हणून मोरीतला साबण लावून काढल्या. काकांना म्हशीच्या दाव्यानं बांधलं. आमची कुत्री भुंकायला लागली तशी मला जाग आली, बॅटरी घेऊन बाहेर आलो, पलीकडं कायतरी चाललंय हे कळत होतं, पण खरं सांगतो पाय पुढं गेला नाही. गेटजवळ उभा राहिलो, हातात काय तर ऊस तोडायचा कोयता. ११२ ला फोन लावला, गाडीला मळ्याचा रस्ता सापडंना, शेवटी मीच मोटरसायकलवरनं पुढं जाऊन घेऊन आलो, पाऊण तास गेला त्यात. परवा काका चहाला आलेले, कप उचलताना मनगटावरचे दाव्याचे वळ दिसले, अजून काळे-निळे आहेत. मला त्यांच्या तोंडाकडं बघवंना.

आप्पा म्हणतात बारा बोरची डबल बॅरल घे, चोर नुसता आवाजानं पळतोय. बायको म्हणती बंदूक घरात आली तर मी पोरांना घेऊन माहेरी जाणार. मित्र म्हणतो लायसन वशिल्याशिवाय मिळत नाही, ते पुढाऱ्यांचं आणि बिल्डरचं काम आहे. मला सगळ्यात जास्त हे टोचतंय की माझ्या घरातल्या माणसांना वाचवायचा मला हक्क आहे, मग त्याला लागणारं हत्यार ठेवायचा हक्क का नाही, त्यासाठी साहेबांच्या दारात हात जोडून का उभं राहायचं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी मनापासून सांगा. मी खरंच अडकलोय.

कोर्टाची_पायरी
काका-काकूंचं वाचून वाईट वाटलं. मी वकिली करतो, शस्त्र परवान्याची दोनचार अपिलं बघितलीत म्हणून सविस्तर लिहितो.

हक्क आहे का, तर नाही. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगायचा हक्क लिहिलेला आहे आणि २००८ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं हेलर केसमधे सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा माणसाचा वैयक्तिक हक्क आहे. आपल्याकडं घटनेच्या कलम १९ मधे एकत्र जमायचा हक्क दिलाय तोसुद्धा शांततेनं आणि विनाशस्त्र. पण हे कुणी विसरलं म्हणून राहून गेलेलं नाही. इंग्रजांनी १८७८ ला शस्त्र कायदा आणला, हिंदी माणसाला लायसन सक्तीचं आणि गोऱ्याला सूट, तो अपमान लोकांच्या मनात इतका खोल गेलेला की १९३१ ला कराचीत काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क घातला होता. पुढं डिसेंबर १९४८ मधे घटना समितीत ह. वि. कामतांनी तो हक्क घटनेत आणायची दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी विरोध केला आणि दुरुस्ती पडली. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर, आपल्याच माणसांनी, समोरासमोर बोलून हा हक्क बाहेर ठेवला. मला स्वतःला तो निर्णय बरोबर वाटतो, पण तुम्हाला जे टोचतंय ते कामतांनाही टोचत होतं एवढं लक्षात ठेवा.

आता कामाचं. आपल्या जिल्ह्यात पोलिस आयुक्तालय नाही, त्यामुळं अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि चौकशीचा रिपोर्ट पोलिसांचा. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. आणि मेहेरबानी म्हणाल तर पूर्ण तसंही नाही. त्या कायद्याचं कलम १३ वाचा. वीस इंचापेक्षा कमी नळी नसलेली साधी बंदूक संरक्षणासाठी मागितली, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची मागितली, तर परवाना द्यायचा असतो, नाकारायचा तर कलम १४ मधलं कारण लेखी द्यावं लागतं. रिव्हॉल्वर-पिस्तूल मागितलं की मात्र सबळ कारण तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणजे आप्पा डबल बॅरल म्हणतात ते कायद्याच्या हिशोबानं सोप्या वाटेचं आहे. जमीन-घर नावावर नाही एवढ्या कारणावर नाकारता येत नाही. नाकारलं तर अपील विभागीय आयुक्तांकडं, म्हणजे आपल्याला पुण्याला. वय २१ पूर्ण पाहिजे, डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे, हत्यार सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंग पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, परवान्याची मुदत पाच वर्षं. वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्वसंरक्षणाचा हक्क तुम्हाला आहे, तो नव्या न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मधे आहे, जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी चालू असताना वेळ पडली तर जीव घेण्यापर्यंत तो जातो. पण धोका संपला की हक्कही संपला. चोर पाठ फिरवून उसात पळतोय आणि तुम्ही मागनं बार काढला, तर त्या क्षणापासून आरोपी तुम्ही. अंधारात हे दोन सेकंदात ठरवायचं असतं, कोर्टात त्याच दोन सेकंदावर आम्ही पाच वर्षं बोलत बसतो.

रा_७वी_गल्ली
वकीलसाहेब सगळं बरोबर पण भावा, चोराकडं कुठं लायसन असतंय? त्याच्याकडं गावठी कट्टा असतोय. २०१८ ला स्मॉल आर्म्स सर्व्हे नावाच्या संस्थेनं अंदाज काढलेला, भारतात लोकांकडं ७ कोटी १० लाखाच्या आसपास बंदुका आणि त्यातल्या नोंदलेल्या फक्त ९७ लाख. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ बिगर कागदाच्या. कायदा पाळणाऱ्यानं फाईल घेऊन फिरायचं, ट्रेनिंग करायचं, आणि न पाळणारा खिशात घालून फिरणार. आपल्या शहरात २०१५ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णांवर सकाळी फिरून येताना घराजवळ गोळ्या झाडल्या, त्यांच्या पत्नी उमाताई पण जखमी झाल्या, चार दिवसांनी अण्णा गेले. मी तवा अकरावीला होतो, दसरा चौकात माणसं रडताना बघितलेत मी. त्यांच्या विचाराशी माझं जुळो न जुळो, म्हातारा माणूस रिकाम्या हातानं चालत होता. तुम्ही घ्या दादा बंदूक. माझं हेच मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

सुभेदार_निवृत्त
वरच्या भावाला आधी सांगतो, तुझा राग मला कळतो. पण पाठीमागनं आलेल्या माणसापुढं पिस्तूल खिशात असून उपयोग नसतो बाळा, हे मी हत्यार वापरलेला माणूस म्हणून सांगतोय.

मळेकर, मी मराठा लाईट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, निवृत्तीनंतर सात वर्षं बँकेच्या दारात बारा बोर घेऊन उभा राहिलो, ती बंदूक माझीच, लायसन माझं. म्हणजे बंदुकीच्या विरोधातला माणूस मी नाही. माझ्या मते नीट शिकलेल्या, डोकं शांत असलेल्या माणसाला सरकारनं नाही म्हणू नये. पण तुम्ही आज रात्री घरात एक गोष्ट करून बघा. बायकोला सांगा की मी झोपलो की कधीतरी रात्री दोन वाजता मला हलवून उठव आणि मोबाईलवर वेळ लाव. बंदूक कपाटात कुलपात, काडतुसं दुसऱ्या कपाटात कुलपात, किल्ल्या दोन ठिकाणी, कारण घरात दुसरीतलं पोर आहे, दुसरी कुठली पद्धत मला मान्य नाही. अंधारात चष्मा शोधा, किल्ली शोधा, दोन कुलपं काढा, नळी मोडा, काडतुसं घाला. बंदूक नसली तर काठी घेऊन तेवढीच उलाढाल करा. मी सराईत माणूस, मला स्वतःला एक मिनिट चाळीस सेकंद लागले, घरात शांतता असताना. चोर दाराच्या आत असेल तर तो तुमच्या आईजवळ वीस सेकंदात पोचतो. आणि छऱ्याचं काडतूस आहे ते, नळीतनं निघालं की पसरतं, त्या खोलीत चोरामागं कोण उभं आहे हे ते विचारत नाही.

म्हणून बरेचजण काय करतात, भरून उशाला ठेवतात. तिथनं पुढचं मी लिहीत नाही, खाली कुणीतरी लिहीलच.

माझा सल्ला, आधी दाराला आतनं लोखंडी आडणा, चारी कोपऱ्याला हालचालीवर पेटणारे हॅलोजन, एक मोटरचा भोंगा ज्याचं बटन पलंगाजवळ. काही गावांनी ग्राम सुरक्षा यंत्रणा घेतलीय, एक फोन केला की अख्ख्या गावाचे मोबाईल एकाच वेळी वाजतात, तुमच्या ग्रामपंचायतीत चौकशी करा. त्या रात्री तुम्हाला बंदूक कमी पडली नाही मळेकर, तुमच्यामागं माणसं नव्हती. कोयता घेऊन एकटा पुढं गेला नाही म्हणून स्वतःला खात असाल तर खाऊ नका. एकटा जवानसुद्धा जात नाही.

चंदगडी_भात
इथं सगळे शहरातले आणि उसातले बोलायलेत, आमच्या डोंगरातलं कुणीतरी ऐका. आमच्या घरात आज्ज्याच्या काळापासनं ठासणीची बंदूक आहे, पीक संरक्षणाचं लायसन. आमच्यासाठी ते नांगर-कुळवासारखं अवजार आहे. नळीत दारू घालायची, वर काथ्या, गजानं ठासायचं, मग छर्रे, परत काथ्या, परत ठासायचं, मागं केप बसवायची. एक बार काढला की दुसऱ्याला दोन मिनिटं. असल्या बंदुकीनं कोण दरोडा घालणार? रात्री माळ्यावर बसून हवेत एक बार काढला की डुकरांचा कळप सकाळपर्यंत फिरकत नाही, एवढ्यासाठीच ती आहे. मारायची तर वनखात्याची परवानगी लागते, गव्याला तर हातच लावता येत नाही आणि लावायचा पण नाही, टस्कर हत्ती आला तर आम्हीच दार लावून घेतो. पण डुकराचं काय करायचं, एका रात्रीत अर्धा एकर भात नांगरल्यासारखं उलटं करून जातंय.

आता माझं दुखणं. २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. बंदूक जमा करा म्हणून सांगावा आला. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भात पोटरीतनं बाहेर पडून पिकायचा काळ, वर्षात बंदूक लागती ती ह्याच दीड महिन्यात आणि ती ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी लावून उभी. आम्ही डबं वाजवत, सुतळी बॉम्ब लावत रात्री काढल्या, तरी माझ्या थोरल्या भावाचा खालचा वाफा गेला तो गेलाच. भरपाई मिळती, नाही असं नाही, पण ती भाताच्या भावानं मिळत नाही आणि घरच्या तांदळाची पेज काय भरपाईतनं शिजत नाही.

कोर्टाची_पायरी
चंदगडी, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि कायदासुद्धा तुमच्याच बाजूला आहे. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची हत्यारं गोळा करायची नाहीत, जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षकांच्या छाननी समितीनं माणूस बघून ठरवायचं असतं, गुन्ह्याची पार्श्वभूमी आहे का, आधी निवडणुकीत दंगा केलाय का. पुढच्या वेळी आचारसंहिता लागायच्या आधीच पीक पाहणीचा उतारा जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही.

चंदगडी_भात
हे आम्हाला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं साहेब. आभारी आहे. वाडीतल्या अकरा जणांचा एकदम अर्ज करतो. आणि एक, कर्नाटकात कोडगूला कोडवा लोकांना लायसनमधनं सूट आहे, पिढ्यानपिढ्या घरात बंदूक, सणाला तिची पूजा. तिथं जमतं तर सगळीकडं बंदूक म्हणजे खूनच असं धरून चालू नये असं माझं मत.

कळंब्याची
मी दोन दिवस हा धागा उघडून बंद करायलीय. सुभेदार काका म्हणाले खाली कुणीतरी लिहील. मी लिहिते.

आमच्या बाबांचा व्यवसाय होता, पैशाच्या वादात एकदा धमकी आली, त्यांनी बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर घेतलं. सगळं कायदेशीर. बाबा शिस्तीचे, बेडरूममधलं लोखंडी कपाट, आतला खण, त्याला वेगळी किल्ली. ती किल्ली देवघरात अन्नपूर्णेच्या मागं असायची. आईला माहीत होतं, मला माहीत होतं, दादाला माहीत होतं. घरात किल्ली लपत नाही हो. बाबांनी ते रिव्हॉल्वर दहा वर्षात एकदाही कुणावर रोखलं नाही. धमकी देणारा माणूस पुढं बाबांच्या पाठीवर हात टाकून लग्नाला येऊन गेला.

दादा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. दोन विषय राहिले होते, अजून कायकाय मनात होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. दुपारची वेळ, आई खाली भाजीवाल्याकडं गेलेली, वीस मिनिटं. एवढंच लिहिते.

आमच्या बाबांनी नंतर देवघरात बसणं सोडलं. अन्नपूर्णा अजून आहे, आई रोज पुसते, तिच्या मागची जागा पण पुसते.

मळेकर दादा, तुम्ही लिहिलंय थोरली नववीला. अजून तीन वर्षांनी तिची बारावी. पोरांच्या मनात एखादा दिवस वाईट येतो आणि जातो, जवळजवळ सगळ्यांचा जातो, फक्त त्या दिवशी हाताशी काय आहे त्यावर सगळं असतं. दादाच्या हाताशी ते नसतं तर आई वर आली असती, चहा टाकला असता. तुमच्या बायकोला मी ओळखत नाही पण ती हट्टानं बोलत नाहीय, तिचं ऐका.

(कुणाच्या मनात आत्ता असं काही चालू असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलीमानसची सरकारी लाईन आहे, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा.)

रा_७वी_गल्ली
ताई, वाचून हात गार पडले. वर मी बोललो होतो मत बदलणार नाही. आज काय बोलत नाही.

ताराबाई_पार्क
कळंब्याच्या ताई, तुमच्या आई-बाबांना माझा नमस्कार सांगा.

मी शिक्षक होतो, वय ७१. मुलगा टेक्सासमधे, दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं सहा महिने तिकडं राहून आलो. नात पहिलीला. चप्पल-बुटाच्या दुकानात तिला मी ते चालताना लाईट लागणारे बूट दाखवले, आपल्या पोरांना केवढे आवडतात. ती म्हणाली आजोबा नको, लपायच्या दिवशी लाईट दिसतो. मला काही कळेना, सुनेनं सांगितलं, शाळेत सराव असतो, बंदूकवाला आला तर वर्गात अंधार करून कोपऱ्यात गप्प बसायचं. सहा वर्षांचं लेकरू बुटाच्या लाईटचा विचार करतंय. मी दुकानाच्या बाहेर येऊन उभा राहिलो.

त्याच राज्यात २०२२ च्या मे महिन्यात उवाल्डे गावच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा, रायफली दुकानातनं कायदेशीर विकत घेतलेल्या. आणि शाळेजवळ हत्यारबंद पोलिस जमले पावणेचारशे, तरी आत शिरायला सत्याहत्तर मिनिटं लागली. मळेकर, तुमचा पाय कोयता हातात असून पुढं गेला नाही, त्यांचे रायफल हातात असून गेले नाहीत. तिथं माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, शंभर माणसांमागं १२० असा अंदाज आहे. २०२१ मधे ४८,८३० माणसं बंदुकीनं गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हातानं. ताई जे सांगतायत ते तिथं वर्षाला पंचवीस हजारांहून जास्त घरात घडतं.

ऑस्ट्रेलियात १९९६ ला पोर्ट आर्थरला एका माणसानं ३५ जण मारले, त्यानंतर थोड्या महिन्यात सरकारनं कायदा कडक करून साडेसहा लाखाच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथले शेतकरीही चिडले होते, चंदगडच्या बंधूंसारखेच, पण गरज दाखवून त्यांना बंदूक ठेवता आली. ही वाट मला पटते, अवजार म्हणून ज्याला लागते त्याला द्या, सन्मानानं द्या, भाताच्या दिवसात काढून घेऊ नका. पण हक्क म्हणून प्रत्येकाच्या उशाला नको. एकदा हक्क झाला की परत घेता येत नाही, तिकडं ते आता कळूनही काही करू शकत नाहीत.

दुधाळी_५०मीटर
मी दुधाळीच्या रेंजवर सराव करते, रायफल. आपल्या कोल्हापूरला बंदुकीनं जे दिलंय तेही लिहिलं पाहिजे म्हणून आले. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला पिस्तूलमधे सोनं आणलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधे ब्राँझ. ज्या दिवशी स्वप्नीलदादाची फायनल होती आम्ही रेंजवरच मोबाईलला चिकटून होतो, शेवटच्या गोळीला कुणी श्वास घेत नव्हतं.

पण मळेकर दादा, तुमच्या प्रश्नाशी ह्याचा संबंध वेगळा आहे. दहा मीटरला दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटर असतो. त्याच्यासाठी आम्ही रोज तीन-चार तास उभ्या असतो, आणि तरी मॅचमधे हृदयाचा ठोका नळीच्या टोकावर दिसतो, खरंच दिसतो, प्रत्येक ठोक्याला टोक हलतं. समोर कागद असतो, कागद अंगावर येत नाही, मागं आई उभी नसते, उजेड ठरलेला असतो. तरी हात हलतो. तुम्ही वर्षातनं एकदा लायसनची बंदूक पुसून ठेवणार आणि रात्री दोनला एकदम तिच्यावर भरवसा ठेवणार, मला भीती वाटते त्याची.

तुमच्या लेकीला मात्र पाठवा. नववीचं वय उत्तम आहे. साध्या एअर रायफलला, साडेचार मिलीमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली, परवाना लागत नाही, आणि सुरुवातीला विकत घ्यायची पण गरज नाही. पहिल्या दिवशी हत्याराला हातसुद्धा लावू देत नाहीत, आधी नळी कधीही माणसाकडं करायची नाही हेच दोन तास. दोन महिन्यात तिच्या पाठीचा कणा सरळ होईल आणि घरात सगळ्यात शांत डोकं तिचं असेल.

मळेकर_दादा
उशिरा लिहायलोय, माफ करा. सगळं दोनदा वाचलं. कळंब्याच्या ताईंचं बायकोला वाचून दाखवलं, वाचता वाचता माझाच आवाज गेला, मग तिनं मोबाईल घेऊन पुढचं वाचलं. आप्पा कॉटवर पडून ऐकत होते. काय बोलले नाहीत. सकाळी उठून स्वतःच ट्रॅक्टरच्या जुन्या पाट्याचा आडणा करायला सुताराकडं गेले.

सुभेदार काका, तुमची परीक्षा दिली. बायकोनं मंगळवारी दोन वीसला उठवलं. मी आधी चष्मा पाडला, मग धाकट्याच्या पायावर पाय दिला, तो रडायला लागला, आई उठली, कपाटाची किल्ली मिळेपर्यंत तीन मिनिटं दहा सेकंद झालेले. त्या आवाजात बंदूक माझ्या हातात असती तर नळी कुणाकडं असती हे मला सांगता येत नाही.

फॉर्म आणलेला आहे, टेबलावर पेपरखाली आहे, फाडलेला नाही. वकीलसाहेब म्हणतात तसं मागितलं तर कदाचित मिळेल पण. हात जोडायची चीड अजून गेलेली नाही, ती जाईल असं वाटत पण नाही. पण हॅलोजन काल बसवले, ओढ्यापलीकडं काकांच्या घरावर पण दोन बसवले, भोंग्याचं एक बटन आमच्याकडं एक त्यांच्याकडं, वायर ओढ्यावरनं लोखंडी पाईपमधनं नेली. रविवारी आजूबाजूच्या सहा मळ्यातली माणसं बोलावलीत, ग्रामसेवकांना पण सांगितलंय. काकांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं की चहा कुणी करायचा.

दुधाळीच्या ताई, पोरगी कालपासनं विचारायलीय. शनिवारी घेऊन आलो तर चालेल काय? किती वाजता यायचं?

दुधाळी_५०मीटर
सकाळी साडेसहाला या. सपाट तळाचे बूट घाला म्हणावं तिला, आणि नाष्टा हलका करून आणा. मी गेटला थांबते.